एक स्क्रीन किती वेळा विकत घ्यायची?

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी ॲपलने नवा आयमॅक जाहीर केला. आत एम४ चिप आली, किमान रॅम ८ जीबीवरून १६ जीबी झाली, कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा झाला आणि भारतातली सुरुवातीची किंमत आदल्या वर्षीच्या मॉडेलइतकीच, १,३४,९०० रुपये राहिली. स्क्रीन, बांधणी, साडेअकरा मिलिमीटरची जाडी, खालचा पाय हे सगळं २०२१ साली होतं तसंच. असं यंत्र बाजारात आलं की दोन प्रश्न हमखास विचारले जातात: आधीच्यापेक्षा किती वेगवान आणि इतक्या पैशांत दुसरं काय मिळतं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण एकाच कवचात स्क्रीन आणि कॉम्प्युटर बसवलेल्या यंत्राचं मोल ठरवायला ते पुरत नाहीत, असं माझं मत आहे. हे मत एकतर्फी मांडून काही साधणार नाही. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचं म्हणणं आधी आणि पूर्ण ताकदीनिशी मांडायची रीत होती. त्याला पूर्वपक्ष म्हणत. इथला पूर्वपक्ष आयमॅकच्या जाणत्या समर्थकाचा आहे, उत्तरपक्ष माझा. त्याच्या बोलण्यातलं बरंच मला पटतं आणि जिथे पटतं तिथे मी तसं सांगेन.

पूर्वपक्ष : सुरुवात किमतीपासूनच करू या, कारण या यंत्रावर पहिला अन्याय तिथेच होतो. लोक १,३४,९०० हा आकडा बघतात आणि एवढ्यात दोन कॉम्प्युटर आले असते म्हणून मोकळे होतात. त्या पैशांत काय काय पदरात पडतं, ते मोजत नाहीत. आडवे ४४८० आणि उभे २५२० पिक्सेल, म्हणजे एक कोटी बारा लाखांच्या वर पिक्सेल असलेली स्क्रीन. एका इंचात २१८ पिक्सेल. ५०० निट्सचा उजेड. सहा स्पीकर, तीन माइक, चांगला कॅमेरा, कीबोर्ड आणि माउस. आता शेजारी ॲपलचाच स्टुडिओ डिस्प्ले ठेवा. तो नुसता मॉनिटर आहे, त्यावर एकटं काम होत नाही आणि मार्च २०२२ मध्ये तो आला तेव्हा त्याची किंमत १,५९,९०० रुपये होती. त्याची स्क्रीन २७ इंची आहे, मोठी आहे, हे कबूल. तरी नुसत्या मॉनिटरला अख्ख्या आयमॅकपेक्षा पंचवीस हजार जास्त पडत असतील, तर आयमॅकमधला कॉम्प्युटर जवळजवळ फुकटच म्हणायचा. त्यात या मॉडेलात रॅम दुप्पट झाली. आदल्या वर्षी ८ ची १६ जीबी करून घ्यायला वीस हजार जास्त मोजावे लागत होते. किंमत तीच ठेवून ती वाढ आता आतच दिली आहे. म्हणजे हा आयमॅक खऱ्या अर्थाने वीस हजारांनी स्वस्त झाला. वेगाचं म्हणाल, तर एम१ आयमॅकच्या तुलनेत रोजच्या कामात १.७ पट आणि फोटो-संपादनासारख्या जड कामात २.१ पटीपर्यंत, असं कंपनी सांगते. तुम्हाला आणखी काय हवं?

उत्तरपक्ष : रॅमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना या अपडेटमधली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे, चिप नव्हे. २७ इंची आयमॅकच्या पाठीला २०२० च्या मॉडेलपर्यंत एक छोटं झाकण असायचं. ते उघडून घरच्या घरी रॅम वाढवता यायची. आज ८ घ्यावी, तीन वर्षांनी गरज पडली की बाजारातून आणखी आणून बसवावी. ॲपलने स्वतःच्या चिपा आणल्या तेव्हा रॅम थेट चिपसोबत एकाच पाकिटात गेली आणि ते झाकण कायमचं मिटलं. आता खरेदीच्या दिवशी जितकी रॅम घ्याल तितकीच शेवटपर्यंत. म्हणून २०२१ च्या एम१ आणि २०२३ च्या एम३ आयमॅकच्या पायाभूत मॉडेलात दिलेली ८ जीबी ही नुसती काटकसर नव्हती. त्या यंत्राचं वय तिथेच आखलं गेलं होतं. १६ जीबीने ती रेष पुढे सरकली. मात्र हे श्रेय एकट्या आयमॅकचं नाही. त्याच आठवड्यात ॲपलने मॅकबुक एअरसकट आपले सगळे मॅक किमान १६ जीबीवर आणले. तेव्हा ‘वीस हजारांनी स्वस्त’ हे खरं असलं तरी आयमॅक घ्यावा की दुसरा मॅक घ्यावा, या निवडीत ते कुठलंच पारडं खाली नेत नाही.

राहिला स्टुडिओ डिस्प्ले. एका दुकानातला माल त्याच दुकानाच्या दुसऱ्या, त्याहून महाग मालाशी तोलला की स्वस्त वाटणारच. मी तराजूत दुसरं काही ठेवतो. आयमॅकच्या दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, ॲपलने नवा मॅक मिनी आणला. तीच एम४, तीच १६ जीबी रॅम, तेच २५६ जीबी स्टोरेज. उलट पायाभूत आयमॅकमधल्या चिपला आठ कोअर आहेत आणि पायाभूत मिनीमधल्या चिपला दहा. इथरनेटची सोय मिनीत आहे, पायाभूत आयमॅकमध्ये नाही. मिनीची किंमत तेव्हा ५९,९०० रुपये होती. वजाबाकी केली की ७५,००० उरतात. स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा, कीबोर्ड आणि माउस यांचे आयमॅकमध्ये आपण मोजतो ते पैसे हेच. तुम्ही म्हणता कॉम्प्युटर फुकट. हिशेब सांगतो की निम्म्याहून जास्त किंमत स्क्रीनची आणि तिच्या लवाजम्याची आहे. एवढ्या उत्तम स्क्रीनला ७५,००० हे फार झाले, असंही मी म्हणत नाही. माझा वाद ७५,००० या रकमेशी नाहीच. ती किती वेळा भरायची, याच्याशी आहे.

पूर्वपक्ष : किती वेळा म्हणजे? यंत्र एकदा घ्यायचं, पैसे एकदा द्यायचे.

उत्तरपक्ष : पहिल्या खरेदीपुरतं ते खरं आहे. पण या कवचात दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तू एकमेकींना बांधलेल्या आहेत. कॉम्प्युटरचं वय सॉफ्टवेअर ठरवतं: मॅकओएसची नवी आवृत्ती त्यावर चालायची थांबली, पाठोपाठ सुरक्षेचे अपडेट थांबले, की यंत्र धडधाकट असूनही बँकेच्या व्यवहाराला किंवा कामाला वापरायला धजवत नाही. स्क्रीनचं वय डोळा ठरवतो. चांगली स्क्रीन हळूहळू मंद होते, पण सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून ती एका दिवसात निकामी होत नाही. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण ऑक्टोबर २०१४ चा २७ इंची ५के आयमॅक आहे. ५१२० बाय २८८० पिक्सेलची अशी स्क्रीन तेव्हा दुर्मीळ होती. डेलने नुकताच जाहीर केलेला तेवढ्याच पिक्सेलांचा मॉनिटर जवळपास २,५०० डॉलरचा होता आणि अख्खा आयमॅक २,४९९ डॉलरचा. ‘कॉम्प्युटर फुकट’ हा तुमचा युक्तिवाद तेव्हाही झाला होता आणि आजच्यापेक्षा जास्त जोरात झाला होता. पुढे काय झालं? त्या यंत्राला चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती २०२० ची बिग सर. त्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट २०२३ पर्यंत मिळाले. तिथे कॉम्प्युटर संपला. आणि स्क्रीन? ॲपलने २०२२ साली १,५९,९०० रुपयांना विकायला काढलेल्या स्टुडिओ डिस्प्लेमध्ये बरोबर तेवढेच, ५१२० बाय २८८० पिक्सेल आहेत. आठ वर्षांनंतरही कंपनीला जी स्क्रीन प्रतिष्ठेची वाटली, तिचीच जुनी बहीण लाखो टेबलांवर कॉम्प्युटरसोबत निवृत्त झाली, कारण तिच्यात बाहेरून चित्र घ्यायची सोय नव्हती.

आता १४ वर्षांचा काळ धरू आणि कॉम्प्युटर सात वर्षांनी बदलावा लागतो असं मानू. किमती याच ठेवू, म्हणजे अंदाजाची भेसळ होणार नाही. आयमॅकच्या वाटेने दोन यंत्रं: २,६९,८०० रुपये. दुसऱ्या वाटेने दोन मिनींचे १,१९,८०० आणि स्क्रीन, कॅमेरा, कीबोर्ड, माउस यांचे एकदाच ७५,०००, बेरीज १,९४,८००. फरक बरोबर ७५,००० चा, म्हणजे दुसऱ्यांदा विकत घेतलेल्या स्क्रीनचा. मी मुद्दाम मॉनिटरला आयमॅकइतकेच पैसे धरले आहेत. तीस हजारांच्या आसपासचा २७ इंची ४के मॉनिटर घेतला आणि बाकी सामानाला दहा हजार धरले, तर हा फरक एक लाख दहा हजारांवर जातो. शिवाय आयमॅकची काच २०१२ च्या मॉडेलपासून चिकटपट्टीने बसवलेली असते. आत काहीही बिघडलं तरी आधी स्क्रीन सोडवावी लागते आणि स्क्रीन फुटली तर चालता कॉम्प्युटर दुरुस्तीला द्यावा लागतो. मॉनिटर वेगळा असला, तर तो दुरुस्तीला जातो आणि तोवर कुणाचाही जुना मॉनिटर उसना आणून काम चालू राहतं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे २०२१ चा एम१ आयमॅक आहे, त्याला हे नवं मॉडेल काय देतं? नवी चिप, दुप्पट रॅम, चांगला कॅमेरा. आणि स्क्रीन? तेच ४४८० बाय २५२०, तेच ५०० निट्स. म्हणजे टेबलावर जी स्क्रीन आजही लख्ख आहे, तिचे ७५,००० तो पुन्हा मोजणार आणि पहिली स्क्रीन घरातून घालवणार. कंपनीने एम४ ची तुलना एम१शी केली आहे, त्यामुळे हा अपडेट मुख्यतः याच माणसाला डोळ्यांसमोर ठेवून मांडलेला आहे, हे उघड आहे. त्याच्यासाठी हा सौदा वाईट आहे. १.७ पट वेग खरा असला तरी वाईट आहे.

पूर्वपक्ष : तुमच्या हिशेबात एक गृहीतक लपलेलं आहे. सात वर्षांनी ती स्क्रीन कुणाला हवी असेल, असं तुम्ही धरून चालता. तंत्रज्ञान पुढे जातं. बॅकलाइट मंदावतात, सेकंदाला १२० वेळा बदलणाऱ्या स्क्रीन येतात, ओलेड येतं. आयमॅक आजही सेकंदाला ६० वेळांवरच आहे, हा दोष मी मानतो. पण मग २०३१ साली ही स्क्रीन जपून ठेवण्यात काय हशील? कॉम्प्युटरसोबत तीही नवी मिळते, हाच आयमॅकचा फायदा समजा.

उत्तरपक्ष : ज्यांना जलद हालचालीचे खेळ खेळायचे आहेत, त्यांच्यापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते लोक आजही आयमॅक घेत नाहीत. बाकीच्यांसाठी मर्यादा माणसाच्या डोळ्याची आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका कला-कोनाइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो, असं नेत्रतपासणीचं प्रमाण आहे. स्क्रीनपासून साठ सेंटिमीटरवर बसलं, तर हा कोन सुमारे ०.१७ मिलिमीटर होतो. आयमॅकचा एक पिक्सेल सुमारे ०.१२ मिलिमीटरचा आहे. डोळ्याची क्षमता आधीच ओलांडलेली आहे. म्हणूनच २०१४ आणि २०२२ च्या स्क्रीनमध्ये पिक्सेलांची दाटी बदललेली नाही. तिथे जायला आणखी जागाच उरलेली नव्हती. चिपा वर्षागणिक बदलतात, पण वाचण्या-लिहिण्याच्या कामाची स्क्रीन एका चांगल्या पातळीवर पोचून थांबली आहे. आणि जी वस्तू थांबली आहे, ती वर्षागणिक बदलणाऱ्या वस्तूला बांधून ठेवण्यात फायदा कुणाचा?

पूर्वपक्ष : बरं, पण मग वेगळी स्क्रीन घ्या म्हणता, ती आणायची कुठून? २१८ पिक्सेलांच्या दाटीचा २४ इंची मॉनिटर दुकानात मागून बघा. मिळत नाही. मिळतात ते २४ इंची फुल एचडी, नाहीतर २७ इंची ४के. तुम्ही मराठीत लिहिता-वाचता, म्हणून तुम्हाला हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. आपली लिपी रोमनपेक्षा दाट आहे. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, मध्ये जोडाक्षरं. बारा पॉइंटातला ‘द्ध’ आणि ‘द्व’ स्वस्त मॉनिटरवर ओळखायला मागेपुढे व्हावं लागतं. मुद्रितशोधन करणाऱ्याला अनुस्वार आहे की स्क्रीनवरचा डाग, असा संशय दिवसातून दहा वेळा येतो. त्याला तुम्ही तीस हजारांचा मॉनिटर घे म्हणून सांगणार?

उत्तरपक्ष : हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि त्यावर घाईने उत्तर देणं बरं नाही. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात जेमतेम ९२ पिक्सेल असतात. रेघेची जाडी आणि मात्रेचा तिरकसपणा दाखवायला लिपीला तिथे जागाच मिळत नाही. त्यात २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा पिक्सेलच्या लाल-हिरव्या-निळ्या भागांवर वाटून गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत सोडून दिली. तिच्यामुळे कमी दाटीच्या मॉनिटरवरही अक्षर जरा सावरायचं. ती गेल्यावर मॅकला साधा मॉनिटर जोडला की अक्षरं पुसट दिसतात, ही तक्रार खरी आहे. देवनागरीत ती जास्तच खरी. मॅकमध्ये ‘आयटीएफ देवनागरी मराठी’ नावाचा फाँट मुळातच येतो आणि त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत. पण ते वळण दिसायला खालची स्क्रीन तेवढी दाट हवी. तेव्हा मिनी घेऊन त्याला घरातला जुना फुल एचडी मॉनिटर जोडा, असा सल्ला मी मराठी मजकुराचं काम करणाऱ्याला देणार नाही. वाचलेले पैसे डोळ्यांतून वसूल होतील.

पण ९२ आणि २१८ यांच्या मध्ये बरीच जागा आहे. २७ इंची ४के मॉनिटरची दाटी १६३ पिक्सेलांची असते. त्याचा एक पिक्सेल सुमारे ०.१६ मिलिमीटरचा, साठ सेंटिमीटरवरून पाहणाऱ्या डोळ्याच्या मर्यादेच्या थोडा आत. आयमॅक शेजारी ठेवला तर फरक कळतो, हे मी नाकारत नाही, विशेषतः जवळ वाकून पाहिलं तर. पण ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे दिसतात, रफार रफारासारखा दिसतो, आणि अंकाचं पूर्ण पान सत्तावीस इंचांत एका नजरेत मावतं. चोवीस इंचांत दोन पानं समोरासमोर लावली की अक्षर बारीक होतं आणि दाटीचा फायदा तिथे थोडा आटतो. सुमारे एक तृतीयांश जास्त रेखीवपणा विरुद्ध जास्त मोठं पान, ही निवड ज्याच्या-त्याच्या कामावर सोडावी लागेल. पण दर्जेदार स्क्रीन फक्त आयमॅकमध्येच मिळते आणि बाहेर सगळा अंधार आहे, असं चित्र खरं नाही.

पूर्वपक्ष : तुम्ही अजून आकड्यांतच आहात. आयमॅकचा जन्म आकड्यांतून झालेला नाही. १९९८ साली पहिला आयमॅक आला तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे मातकट रंगाचं खोकं, वेगळा मॉनिटर आणि मागे वायरींचं जाळं होतं. त्याने ते सगळं एका निळसर, अर्धपारदर्शक कवचात आणलं, फ्लॉपी काढून टाकली, जुन्या नाना पोर्टांच्या जागी यूएसबी दिलं आणि वर उचलायला मूठ दिली. ज्याला कॉम्प्युटरची धास्ती वाटत होती, त्याला इंटरनेटपर्यंत नेण्यासाठी ते यंत्र बनवलं होतं. आजही दुकानाच्या काउंटरवर, शाळेच्या वाचनालयात, साठीनंतर पहिल्यांदा कॉम्प्युटर वापरणाऱ्या आजी-आजोबांच्या खोलीत एक वायर लावली की काम सुरू, याची किंमत तुमच्या वजाबाकीत कुठे आहे? मॉनिटर कुठला, केबल कुठली, आवाज मॉनिटरमधून येतोय की मिनीतून, कॅमेरा का दिसत नाही? ही रोजची कटकट पैशांत मोजता येत नाही म्हणून ती नाहीच, असं धरू नका.

उत्तरपक्ष : धरत नाही. ती किंमत खरी आहे आणि ज्या घरात ही कटकट सोडवणारं कुणी नाही, तिथे ती बरीच मोठी आहे. आयमॅकचा साधेपणा हा त्याच्या सौंदर्याचा भाग आहे आणि तो मला मनापासून आवडतो. पण साधेपणासाठी दोन वस्तू एकत्र बसवणं वेगळं आणि त्यांतली एक गेल्यावर दुसरीला बाहेर पडायला वाट न ठेवणं वेगळं. हे दोन एकच आहेत असं आपण मानून बसलो आहोत, पण इतिहास तसं सांगत नाही. २००९ च्या २७ इंची आयमॅकपासून २०१४ च्या साध्या आयमॅकपर्यंत ‘टार्गेट डिस्प्ले मोड’ नावाची सोय होती. दुसरा मॅक केबलने जोडायचा, कीबोर्डवर दोन कळा दाबायच्या की आयमॅक मॉनिटर व्हायचा. त्या सोयीमुळे कुणाच्या टेबलावर वायरींचं जाळं वाढलं नाही. ज्याला नको होती, त्याला ती असल्याचं कळतही नव्हतं. ५के आयमॅकमध्ये ती गेली, त्याला तेव्हा तांत्रिक कारण होतं: ५१२० बाय २८८० चं चित्र एका जोडणीतून नेण्याइतकी वाट त्या वेळच्या थंडरबोल्ट २ मध्ये नव्हती. पुढे थंडरबोल्ट ३ आलं आणि २०१६ मध्ये एलजीचा ५के मॉनिटर मॅकला एकाच केबलने जोडला जाऊ लागला. कारण संपलं, सोय मात्र परतली नाही. आज आयमॅकला थंडरबोल्ट ४ आहे, सेकंदाला ४० गिगाबिट वाहून नेणारं. ४४८० गुणिले २५२०, प्रत्येक पिक्सेलला ३० बिट, सेकंदाला ६० चित्रं: हा गुणाकार सुमारे २० गिगाबिटांचा होतो. वाट दुप्पट रुंद आहे. दार मात्र आतून बंद आहे.

पूर्वपक्ष : पूर्ण बंद नाही. एअरप्लेने दुसऱ्या मॅकचं चित्र आयमॅकवर घेता येतं. आणि जुना आयमॅक कचऱ्यात थोडाच जातो? मॅकला जुन्या बाजारात चांगली किंमत येते. विकून टाका, स्क्रीनचे पैसे त्यातच आले. हौशी लोक तर बाजारात मिळणारा कंट्रोलर बोर्ड बसवून जुन्या ५के आयमॅकचा मॉनिटर करतात.

उत्तरपक्ष : एअरप्लेमध्ये चित्र दाबून पाठवलं जातं, थोडं मागे पडतं आणि मुख्य म्हणजे आयमॅकमधला कॉम्प्युटर जिवंत आणि चालू असावा लागतो. अधूनमधून दुसरी स्क्रीन म्हणून ते चालेल. आठ तास अक्षरं वाचायला चालणार नाही. कंट्रोलर बोर्डची गोष्ट मात्र मला माझ्याच बाजूची वाटते. काच चिकटपट्टीवरून सोडवायची, आतला कॉम्प्युटर काढायचा, नवा बोर्ड बसवून पुन्हा काच लावायची, एवढा खटाटोप लोक जोखीम पत्करून करतात, याचा अर्थ आतली स्क्रीन वाचवण्याजोगी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. विक्रीचं म्हणाल, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी विकणाऱ्याला किंमत येते, कारण घेणारा उरलेली वर्षं विकत घेत असतो. दहाव्या वर्षी विकायला काढलं, तर घेणारा संपलेल्या कॉम्प्युटरची किंमत देईल, लख्ख स्क्रीनची नाही, कारण ती त्याला वापरताच येणार नाही. पहिल्या मालकाचं नुकसान टळलं तरी ते दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या गळ्यात पडतं.

पूर्वपक्ष : म्हणजे तुमच्या मते हा आयमॅक कुणीच घेऊ नये?

उत्तरपक्ष : नाही, आणि इथे मी पुन्हा रॅमकडे येतो. दोन वस्तूंच्या आयुष्यांतलं अंतर हा माझा आक्षेप असेल, तर अपडेटचं मोल वेगात मोजायचं नाही. त्याने ते अंतर किती वर्षांनी कमी केलं, यात मोजायचं. १६ जीबी रॅमने ते नक्की कमी केलं आहे. एम१ मॅक २०२० साली आले आणि २०२५ ची मॅकओएस त्यांच्यावर चालते. नव्या आवृत्त्या थांबल्यावरही काही काळ सुरक्षेचे अपडेट येतात, हे २०१४ च्या यंत्राने दाखवलं. विक्री थांबल्यानंतर सात वर्षांनी ॲपल एखादं यंत्र कालबाह्य ठरवतं आणि सुटे भाग मिळणं साधारण तिथे थांबतं. हे सगळं जुळवलं, तर पायाभूत एम४ आयमॅक दहा वर्षं चालवायची अपेक्षा मला वाजवी वाटते. ८ जीबीच्या एम३ बद्दल मी हे म्हटलं नसतं. दहा वर्षांनी भागलं, तर १,३४,९०० चे वर्षाला साडेतेरा हजार होतात. वाचनालय, दवाखान्याचा स्वागतकक्ष, तुम्ही म्हणालात ते आजी-आजोबा, एका जागी बसून लेखन-वाचन करणारा आणि यंत्र बदलायची हौस नसलेला माणूस, यांना मी आयमॅक घ्या म्हणेन, तोही पायाभूत मॉडेल. स्टोरेजसाठी जास्तीचे वीस हजार कंपनीला देऊ नका. बाहेरची एसएसडी त्याहून कमी पैशांत मिळते आणि पुढच्या यंत्रालाही जोडता येते. वीज जाणाऱ्या गावात यूपीएसचे पैसे धरा, कारण आयमॅकमध्ये बॅटरी नाही.

जो तीन-चार वर्षांनी यंत्र बदलतो, व्हिडिओ-संपादन वाढत जाईल असं ज्याला वाटतं, किंवा ज्याच्याकडे चांगला ४के मॉनिटर आधीच आहे, त्याने मिनीकडे जावं. छापखान्याच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतल्या फायली ज्यांना रोज उघडाव्या लागतात आणि ज्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यांच्यापुरता हा वादच उद्भवत नाही. ॲपलच्या चिपांवर बूट कॅम्प नाही, त्यामुळे इंटेल मॅकसारखं थेट विंडोज सुरू करता येत नाही. आणि एम१ आयमॅकवाल्याने आहे तो आणखी वापरावा. ८ जीबी कमी पडू लागली, तर तो विकायची घाई करण्याआधी तेच काम मिनीवर आणि वेगळ्या मॉनिटरवर किती पैशांत होतं, ते पाहावं.

पूर्वपक्ष : आणि कंपनीकडून तुमची मागणी काय?

उत्तरपक्ष : एकच. महागड्या आयमॅकच्या पाठीला चार थंडरबोल्ट पोर्ट आहेत, स्वस्तातल्याला दोन. त्यांतून चित्र बाहेर जातं, दुसरे मॉनिटर जोडता येतात. त्यांपैकी एका पोर्टातून चित्र आत येऊ द्यावं. कवच बदलू नये, जाडी वाढवू नये, पाय बदलू नये. ज्या दिवशी कॉम्प्युटरचे सुरक्षेचे अपडेट थांबतील, त्या दिवशी मालकाने पाच इंची मिनी आणून केबलने आयमॅकला जोडावा आणि चोवीस इंचांत तेच एक कोटी बारा लाख पिक्सेल पुन्हा उजळावेत. ही सोय असेल, तर माझ्या हिशेबातले दुसरे ७५,००० पुसले जातील, आणि वाचनालयाला, घराला, मुद्रितशोधकाला, कुणालाही आयमॅक घे म्हणून सांगताना मला ‘पण’ जोडावं लागणार नाही.